उजवी मूठ

“मोजतोस काय सारखा?” असं म्हणून लमीदीने माझ्या हातातली फूटपट्टी काढून घेतली आणि कोंबड्यांच्या दिशेने भिरकावली. “इफा काय तुझ्या कारखान्यात नोकरीला आहे?”

इफा म्हणजे त्या मुलखातला कौल देणारा देव आणि लमीदी हा त्या देवाचं सामान कोरणारा सुतार. माणूस पिंपाएवढा, पण हात असा हलका की त्याने तासलेल्या लाकडाला पॉलिशपेपर लावायची गरज पडत नसे. नायजेरियात, इबादानच्या पुढे बसने तासाभरावरच्या एका गावात मी ओतकामाच्या कारखान्यात होतो. लोखंड ओतण्याआधी त्याचा जो लाकडी नमुना लागतो, तो करायचं माझं काम. त्यात केसभर चूक झाली तर लोखंडात बोटभर दिसते, म्हणून माझ्या खिशात फूटपट्टी कायम. कारखाना सुटला की माझी सायकल लमीदीच्या अंगणात. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. पण लाकूड तासायचा वाकस दोघांनाही चालवता येत होता, तेव्हा बोलण्यावाचून काही अडलं नाही.

त्या दिवशी आम्ही समोरासमोर फतकल मारून बसलो होतो आणि मध्ये ओपोन होता. ओपोन म्हणजे कौल लावायची लाकडी परात, आपल्या काठवटीएवढी. मधला भाग सपाट, कारण त्यावर लाकडाची भुकटी पसरून बोटाने खुणा करायच्या असतात. सगळी हौस काठावर. फिरत जाणारा साप, कासव, पक्षी, घोडेस्वार, आणि वरच्या बाजूला मधोमध मोठ्या डोळ्यांचा एक चेहरा. तो एशूचा. माणसांचं बोलणं देवाकडे पोचवायचं काम त्याचं. काठावर एवढी गर्दी, पण एशूच्या बरोबर समोर चार बोटं जागा लमीदीने कोरी ठेवली होती.

“ही तुझी,” तो म्हणाला. “उद्या सकाळी ओपोन कौल लावणाऱ्या बाबाकडे पोचवायचा आहे. त्याआधी इथे काहीतरी कर.”

“काय करू?”

“मनात असेल ते. नसेल ते करशील तर लाकूड फाटेल.”

मनात काय होतं ते सांगायला हवं. मनात वैजयंती परब होती.

ती भालचंद्र परब सरांची धाकटी बहीण. सर तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायचे. वहिनीच्या बाळंतपणासाठी त्यांनी बहिणीला गावाहून आणलेलं. गाव आमचं एकच, कुडाळजवळचं नेरूर. इतक्या लांब आपली मालवणी बोलणारं माणूस भेटलं की जीव कसा होतो ते परदेशात राहिल्याशिवाय कळायचं नाही. दर रविवारी मी त्यांच्याकडे माशांच्या कढीला असे. सर मला प्रेमाने वाढायचे आणि प्रेमानेच ‘मेस्त्री’ म्हणायचे. तिथेच सगळी गोम होती. नेरूरला माझ्या बापाने परबांच्या घराचे वासे चढवले, पण तो कधी त्यांच्या ओसरीवर चढला नाही. तेव्हा मेस्त्र्याच्या मुलाने परबांच्या मुलीविषयी काय बोलायचं आणि कुठल्या तोंडाने?

मी गप्प बसायचो आणि वैजयंती मला छळायची. “मेस्त्र्यांच्या तोंडात सदीच खिळे,” ती वहिनीला सांगायची. “म्हणान बोलाक जमणा नाय त्येंका.” सुतार काम करताना खिळे ओठांत धरतो, त्यावरून हे. वहिनी हसायची, मी कढीत बुडायचो. एकदा ती म्हणाली होती की या देशात सगळं आहे, पण केसांत माळायला अबोली नाही. तेवढंच वाक्य मी घरी नेलं आणि कितीतरी दिवस जपलं.

आणि आता ती शनिवारी निघाली होती. देवगडला स्थळ बघून ठेवलेलं होतं. “मेस्त्री,” सर मला म्हणाले होते, “वैजूच्या सामानाक एक खोको करून व्हयो. बुधवारपर्यंत करतलंस मां?” मी “करतंय” म्हटलं. फळ्या कापल्या, रंधून ठेवल्या, आणि खिळा काही ठोकवेना. बुधवार गेला. खोका झाला की ती जाणार, आणि खोका झाला नाही तर ती जाणार नाही, असलं काहीतरी येडं गणित डोक्यात बसलं होतं.

मी लमीदीची बारीक पटाशी उचलली आणि त्या चार बोटांत अबोलीची एक वेणी कोरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओपोन पांढऱ्या कापडात गुंडाळून बाबा फाग्बेमींकडे गेलो. हे तिथले बाबालावो. या शब्दाचा अर्थ ‘गुपितांचा बाप’ असा लमीदीने मला सांगितला होता. बाबा वयाने सुकलेले, पण डोळे भलते टवटवीत. पडवीत चटई टाकून बसले होते. भिंतीला टेकून शेजारपाजारची माणसं बसली होती. नवा ओपोन येणार म्हटल्यावर कोण घरी थांबतंय.

बाबांनी कापड उघडलं. हस्तिदंती इरोके हातात घेतला. इरोके म्हणजे वीतभर लांबीची कोरीव टिपरी, तिच्यावर गुडघे टेकून बसलेली एक बाई. तिने परातीच्या काठावर टकटक केलं की देवाला कळतं, कोणीतरी आलंय. बाबांनी टिपरी न वाजवता आधी बोट फिरवलं. साप, कासव, पक्षी, प्रत्येकाला नावाने हाक मारल्यासारखं पुटपुटत ते पुढे गेले आणि अबोलीवर थांबले.

“हे काय?” बाबांनी विचारलं. लमीदीने मला विचारून सांगितलं की फूल आहे.

“कोणाचं?” बाबा म्हणाले.

फुलाचं नाव नाही विचारलं. कोणाचं विचारलं. माझे कान तापले. लमीदी छताकडे बघून हसला. बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग ओपोन नीट मांडला, भुकटी पसरली आणि लमीदीकरवी म्हणाले, “नवा ओपोन आहे. पहिली गोष्ट ह्याचीच असू दे. मला सांगू नकोस. देवाला सांग.”

आणि त्यांनी एक नाणं माझ्या हातात ठेवलं.

तिथली रीत अशी की नाणं ओठांशी न्यायचं, मनातलं त्याच्या कानात कुजबुजायचं आणि परातीपाशी ठेवायचं. खुद्द कौल लावणाऱ्यालाही प्रश्न कळू द्यायचा नाही. म्हणून तर तो गुपितांचा बाप. हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक, त्यामुळे मला सांगायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि मी नेरूरचा. आमच्याकडे देवाला सांगायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. देवासमोर उभं राहायचं, हात जोडायचे आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगायचं. दर वाक्याला जमलेली माणसं “व्हय म्हाराजा” म्हणणार. देवाला कुजबुजून सांगणारा माणूस आमच्याकडे चोर समजतात.

गाऱ्हाणं घालायचा मान गुरवाचा. मी जन्मात कधी घातलं नव्हतं. पण लहानपणापासून ऐकलेलं सगळं घशाशी येऊन बसलं. शनिवार उद्यावर आला होता. मी उठलो, नाणं मुठीत धरून हात जोडले, डोळे मिटले आणि आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या परक्या मुलखात, तुज्या नव्या परातीम्होरां, नेरूरच्या भिकू मेस्त्र्याचो झील गुणाजी उभो आसा, म्हाराजा!”

एवढं म्हणून मी सवयीने थांबलो. मग भिंतीकडून एका म्हातारीचा आवाज आला, “आशे.” आशे म्हणजे तिकडचं ‘तसंच होवो’. तिला शब्द एक कळला नव्हता, पण चाल कळली होती. तिचं ऐकून बाकीचे सावरून बसले.

“ह्येची जीभ जड, म्हाराजा. कितीक दिस ह्यो खिळे तोंडात धरून बसलो आसा, म्हाराजा!”

“आशे,” सगळी पडवी म्हणाली.

आणि मागून, दाराकडून, भरदार आवाजात आलं, “व्हय म्हाराजा!”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वाटलं, आमचा कोकणातला देव रवळनाथ समुद्र ओलांडून आला. डोळे उघडायची छाती झाली नाही. उलट अंगात असं वारं शिरलं की आवाज आणखी चढला.

“ह्येची काय चूकभूल झाली आसात, तर पदरात घे, म्हाराजा!”

“आशे!” “व्हय म्हाराजा!”

“ह्येच्या मनात जां काय आसा, तां पुरां कर, म्हाराजा!”

“आशे!” “व्हय म्हाराजा!”

“परबांची वैजू शनिवारी जाता हा. तिका थांबव, म्हाराजा. आणि तिच्यावांगडा ह्येका संसार दी, म्हाराजा!”

“आशे!” पडवी दणाणली. दार मात्र गप्प.

मी डोळे उघडले आणि वळून पाहिलं. दारात परब सर उभे होते. एक चप्पल काढलेली, एक पायातच, हात अजून जोडलेले. खोक्याची चौकशी करायला माझ्या खोलीवर गेले, तिथून लमीदीकडे, तिथून इथे. उंबऱ्यापाशी गाऱ्हाण्याची चाल कानावर पडली मात्र, पाय चपलेतून आणि ‘व्हय’ तोंडातून आपोआप निघालं. जत्रेत लहानपणापासून बसलेली सवय गणिताच्या मास्तरालाही आवरली नाही. त्यांच्या मागे वैजयंती होती. हातात खिळ्यांची पुडी, कमरेला बटव्यासारखी कापडी पिशवी. तिच्याच खोक्यासाठी आणलेले खिळे.

“मेस्त्री,” सर म्हणाले, “ह्यां काय बोललंस तू?”

मी मुठीतलं नाणं परातीपाशी ठेवलं.

“दादा,” वैजयंती हळूच म्हणाली, “तू व्हय म्हटलंस.”

“तां मी आदल्याक म्हटलंय.”

“आदलां म्हणजे काय? ‘मनात जां आसा तां पुरां कर.’ त्येकाच व्हय म्हटलंस मां? मगे आता रवलां काय?”

देवाच्या दारात घातलेल्या गाऱ्हाण्याला व्हय म्हटलं की ते मागे घेता येत नाही, हे सरांनाही माहीत होतं. भुतंखेतं मानणार नाहीत, पण हे मानणार.

इकडे लमीदीला आमच्या चेहऱ्यांवरून सगळा घोळ एव्हाना समजला होता. तो बाबांच्या कानाशी लागून सांगत होता आणि सांगता सांगता मांड्यांवर थापा मारत होता. बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. “गुपितांच्या बापापुढे गुपित ओरडून सांगणारा पहिलाच,” लमीदीने त्यांचं म्हणणं मला ऐकवलं.

सरांनी दुसरी चप्पल काढली आणि पडवीत आले. चेहरा लाल. “देवाक इचारलंस मां? मगे देवच सांगांदे. लाव म्हणा कौल. उजवो इलो तर मी काय बोलूचंय नाय. डावो इलो तर मेस्त्री, तू आजच्या आज खोको ठोकूचो आणि पुना आमच्या दारात दिसूचा नाय.”

आमच्याकडे देवाच्या अंगावर चिकटवलेली फुलाची पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. साधा हिशोब. मी तो लमीदीला सांगितला, लमीदीने बाबांना त्यातलं जमेल तेवढं सांगितलं. बाबांनी पिशवीत हात घालून दोन कवड्या आणि हाडाचा एक लहानसा तुकडा काढला. कवड्या म्हणजे होय. हाड म्हणजे नाही. एका मुठीत हे, दुसऱ्या मुठीत ते, कशात काय ते धरणाऱ्याखेरीज कोणाला कळू द्यायचं नाही. बाबा डाव टाकून सांगतील ती मूठ उघडायची.

मी हात पुढे केला. बाबांनी तो बाजूला सारला आणि बोटाने वैजयंतीला बोलावलं.

तिने खिळ्यांची पुडी माझ्या हातात दिली. तिन्ही वस्तू घेऊन ती आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ लावला तिने. मग वळून, दोन्ही मुठी पुढे धरून ओपोनसमोर बसली. आणि तेव्हा तिला काठावरची ती चार बोटं दिसली.

“हय अबोली खय गावली तुमका?” तिने विचारलं.

“लाकडात,” मी म्हटलं. तिच्याशी सरळ बोललेला तो माझा पहिला शब्द असेल.

तिने मान खाली घातली. बाबांनी टिपरी उचलली. टक, टक, टक. एशूचे मोठे डोळे आमच्याकडे. बाबांच्या तळहातात ताडाच्या बिया खुळखुळल्या, या हातातून त्या हातात गेल्या, एखाददुसरी मागे राहिली, की बोटाने भुकटीत खूण. पुन्हा खुळखुळ, पुन्हा खूण. एकदा उजव्या हाताच्या नावाने, एकदा डाव्या. पडवीतली माणसं पुढे सरकत सरकत माझ्या पाठीवर श्वास टाकायला लागली. सरांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. माझ्या हातातली पुडी फाटून खिळे तळहाताला टोचत होते, तेही मला नंतर कळलं.

बाबा थांबले. दोन्हीकडच्या खुणांकडे बघितलं आणि टिपरीचं टोक वैजयंतीच्या डाव्या मुठीकडे केलं.

“डावो,” सर म्हणाले. इतका मोठा सुस्कारा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “संपलां. चल वैजू.”

डावा कौल. समुद्रापार येऊन डावा कौल. सर चपला शोधायला वळलेसुद्धा. लमीदीने त्यांचा दंड धरला.

“बसा हो मास्तर. तिने हात उघडायचा आहे अजून.”

वैजयंतीने डावी मूठ उघडली. तळहातावर कवडी होती. पांढरीशुभ्र, पोट वर करून निजलेली.

पडवीत जो गलका उठला तो काय सांगू. ती म्हातारी उठून नाचायलाच लागली. लमीदीने मला कमरेत धरून पोत्यासारखं उचललं. त्या गडबडीत मी बाबांकडे पाहिलं. ते पुढे वाकून कवडीकडे बघत होते. मग त्यांनी तिच्या मिटलेल्या उजव्या मुठीकडे बघितलं, मग तिच्या डोळ्यांकडे. तीही त्यांच्याकडेच बघत होती. बाबा आवाज न करता हसले आणि त्यांनी टिपरी परातीवर अशी जोरात मारली की भुकटी उडून सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. मग आपल्या पिशवीचं तोंड तिच्यापुढे धरलं आणि तिने आपल्या हातांनी सगळं आत टाकलं.

“पन डावो इलो,” सर पुटपुटत होते.

“देवाला डावं काय आणि उजवं काय,” लमीदी म्हणाला.

सरांनी पाणी मागितलं. एका दमात प्याले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “खोको झालो?”

“नाय.”

“रवांदे मगे,” सर म्हणाले.

वर्षभराने आम्ही सगळे मिळूनच गावी आलो. लग्न नेरूरलाच झालं. सरांनी माझ्या बापाला हाताला धरून ओसरीवर नेलं, तेव्हा बाप आधी वर बघून वासे तपासत होता. ती ओसरी त्याला आतून ओळखीची नव्हती. गावात बरीच कुजबुज झाली. सर एकच सांगायचे, देवाचा कौल झालाय, माझ्यासमोर झालाय. मास्तरच्या शब्दापुढे कोण बोलणार.

या सगळ्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. सर नाहीत. गेल्या दिवाळीआधी माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि वैजूची तिकडची एक कापडी बटव्यासारखी पिशवी झटकली, तर खाली काहीतरी टपकलं. उचलून पाहिलं. हाडाचा लहानसा तुकडा, पिवळा पडलेला, गुळगुळीत.

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. ती खोबरं किसत होती.

“ह्यां काय?”

तिने एकदा बघितलं आणि किसणं चालू ठेवलं. “जन्मभर फूटपट्टी घेवन फिरलात,” ती म्हणाली. “आणि त्या दिवशी कवड्यो मोजूक सुचलां नाय? दोन होत्यो त्यो.”

मला समजायला थोडा वेळ लागला. डाव्या मुठीत एकच होती. बाबांनी ते तेव्हाच बघितलं होतं.

“म्हणजे तू देवाक फसवलंस?”

“फसवलंय खय?” वैजू म्हणाली. “माका इचारल्यानी, मी व्हय म्हटलंय. दोनय हातांनी.”